आपल्या वाट्याची नळी

थांबा, थांबा, कोणी उठू नका. रूरी, बस खाली, तुझी बोट अजून तासभर येत नाही. पेगी, तूही. मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे, पण ती आत्ता मागितली तर तुम्ही हसाल, म्हणून आधी सगळं ऐका.

टॉर्कलआजोबांचं तुम्हाला माहीतच आहे. वय चौऱ्याऐंशी, त्यातली बावन्न वर्षं डोंगरावर हरणांच्या मागे गेली, थोरल्या घरच्या मालकाचे शिकारी म्हणून. आता डोकं कधी असतं, कधी नसतं. सकाळी मला दोलिना म्हणतात, दुपारी एफी म्हणतात. एफी म्हणजे माझी आजी, तिला जाऊन अकरा वर्षं झाली. मी सांगत बसत नाही. एफी तर एफी.

तर ऑक्टोबरपासून त्यांनी खाणंच सोडलं. भाकरीचा कोपरा, चहा, बस. नर्स जेसी-अ‍ॅन दर गुरुवारी येते ना, वजनकाटा घेऊन, तर मागच्याच्या मागच्या गुरुवारी काटा त्रेपन्न किलोवर. तिने मला दाराबाहेर नेलं आणि म्हणाली, "दोलिना, बाळ, बावन्नच्या खाली गेले तर माझ्या हातात काही राहत नाही. खाडीपलीकडच्या वृद्धाश्रमात जागा आहे. गुरुवारच्याच बोटीने न्यावं लागेल." बाबांना फोन केला. ते तिकडे समुद्रात तेलविहिरीवर कामाला, अजून दोन आठवडे सुट्टी नाही. ते म्हणाले, "जेसी-अ‍ॅन बरोबर सांगते, पोरी. तू एकटी काय काय करशील?"

आजोबा पलीकडे गेले तर काय होईल ते सांगते. महिनाभर. त्याच्या वर नाही. ते खाडी ओलांडून आयुष्यात चार वेळा गेलेत, त्यातल्या दोन वेळा दात काढायला. खिडकीतून डोंगर दिसला नाही तर ते भिंतीकडे तोंड करून निजतील आणि उठणार नाहीत. हे मला माहीत होतं. जेसी-अ‍ॅनलाही माहीत होतं, म्हणून तर ती बोलताना माझ्याकडे बघत नव्हती.

मग मी काय केलं, सरळ आलिककाकाकडे गेले. आता थोरल्या घरचा शिकारी तोच ना. म्हटलं, काका, आजोबा आयुष्यभर हरीण खाऊन जगले, मी त्यांना दुकानातलं कोंबडीचं सूप पाजतेय, कसे खातील? मला हरीण दे. त्याने डोकं खाजवलं, मग कोठारात नेलं. तिथे माद्या टांगलेल्या, आठ दिवस झालेले, पाय वर, प्रत्येकीला चिठ्ठी. एकीच्या एका खांद्यात गोळी फुटली होती, ती खरेदीदाराच्या गाडीत जाणार नव्हती. "ही ने," म्हणाला. "म्हाताऱ्याने मला बंदूक धरायला शिकवलं. एक मादी काय मोठी."

आणि मग त्याने माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती उघडून दाखवली. मला तोवर काय माहीत होतं? मांस म्हणजे मांस. तो सुरी फिरवत जातो आणि बोलत जातो. "ही रान, मागचा पाय, हा अख्खा भाजायचा. हा पाठीचा पट्टा, कण्याच्या दोन्ही बाजूंनी, हे बघ कसा सुटतो. आणि ही आत दडलेली मऊ पट्टी, करंगळीएवढी जाड, हिच्यासाठी लंडनचे पाहुणे भांडतात. खांदा शिजवायला वेळ लागतो. मान, नळ्या, हे बरगडीखालचं पातळ, हे सगळं शिरांनी भरलेलं. जाऊ दे ते." मग सुरीचं टोक माझ्याकडे करून म्हणाला, "एक लक्षात ठेव. हरणाला चरबी नसते. चिडक्या माणसासारखं असतं हे मांस. एक तर दोन मिनिटांत आटप, नाही तर चार तास शेजारी बस. मधलं काही केलंस तर चामडं."

मी सगळं वहीत लिहून घेतलं. चांगलं चांगलं ताटात काढलं, फ्रीजमध्ये लावलं. आणि नळ्या, मान, ते पातळ, सगळं बादलीत भरून काकाच्या मागोमाग नेऊन दिलं. त्याच्या कुत्र्यांना. मीच नेलं, माझ्या हाताने. काका म्हणाला, "टेस खूश होईल." आणि मलाही किती बरं वाटलं, म्हटलं काहीतरी परत दिलं आपण.

शुक्रवारी रान भाजली. मेंढीची भाजतो तशी, दोन तास. आलिककाकाने सांगितलेलं ते सगळं वहीत होतं, आणि वही खिडकीत होती, आणि मी मेंढीसारखीच भाजली. बाहेर काढली तर राखाडी. सुरी लागेना. तरी पातळ काप करून, वर लाल बोरांचा मुरंबा घालून आजोबांपुढे ठेवली. त्यांनी एक काप उचलला, तोंडात घातला, चघळला, थांबले. मग हळूच रुमाल तोंडाशी नेला. मी म्हटलं, आजोबा, चिवट झालंय ना? ते म्हणाले, "चांगलं आहे." आणि पुढे खाईनात. म्हटलं, झालं, माझीच चूक.

शनिवारी पाठीचा पट्टा. या वेळी वही चुलीशेजारी. पण त्यावरचा चंदेरी पापुद्रा काढायचा असतो ते मी विसरले, तव्यावर टाकल्यावर मांस असं धनुष्यासारखं वाकलं, मधून कच्चं, कडेने करपलं. रविवारी पुन्हा. पापुद्रा सोलला, नखांखाली रक्त साकळेपर्यंत सोलला, लोण्यात परतलं, धाग्यांना आडवं कापलं. मी स्वतः एक तुकडा खाल्ला आणि खरं सांगते, मला रडू आलं, इतकं सुरेख झालं होतं. आजोबांनी काट्याने तुकडा उलटा केला. पुन्हा सुलटा केला. आणि माझ्याकडे असं बघितलं, घाबरल्यासारखं.

"हे कुठून आणलंस?"

"आलिककाकाने दिलं, आजोबा."

"परत ठेव."

"अहो, आपल्यालाच दिलंय."

"परत ठेव म्हणतो ना, एफी."

मी मनात म्हटलं, डोकं फिरलंय. एफी म्हणताहेत, म्हणजे आज गाडी रुळावर नाही. समजावलं, हसवलं, चमचा पुढे नेला. शेवटी एकेक तुकडा तोंडात घेतला त्यांनी. ताट रिकामं झालं. रूरी, मी त्या दिवशी तुला मेसेज केला होता ना, नाचणाऱ्या मेंढीचा? तो यासाठी. मला वाटलं, खाल्लं!

सोमवारी खिमा केला, म्हटलं ओळखूच येणार नाही काय आहे ते. कांदा, ओट, मिरी, भरपूर लोणी. त्यांनी चिमूटभर बोटांत घेतला, अंगठ्याने चोळला. "मागच्या पायाचं आहे," म्हणाले. बावन्न वर्षं हो! खिम्यावरून पाय ओळखतात आणि नातीचं नाव आठवत नाही. पेगी, हसू नको, मी पण तेव्हा हसलेच होते, पण त्यांनी वाटी सरकवली तसं माझं हसू संपलं. मंगळवारी माझ्याकडचा बाथरूममधला काटा काढला, त्यावर त्यांना उभं केलं. काटा खरा नाही, मला माहीत आहे, तरी एक्कावन्न आणि थोडं. गुरुवारला दोन दिवस.

मंगळवारी मी ती आतली मऊ पट्टी काढली. शेवटची. दोनच असतात अख्ख्या जनावरात, एक मी जपून ठेवली होती. तव्यात लोणी, प्रत्येक बाजूला दोन मिनिटं, मग झाकून पाच मिनिटं नुसती ठेवली, हातही लावला नाही. आतून गुलाबी, अशी की सुरीचं वजनच पुरेल. लंडनच्या राजवाड्यात ठेवली असती तरी चालली असती. आजोबांनी ताट बघितलं आणि पाठीमागे सरकले. खुर्चीसकट.

मग मी ओरडले. काय सांगू तुम्हाला. मी त्यांच्यावर ओरडले. "खा! खा ना! मरायचंय का तुम्हाला? नेतील तुम्हाला, कळतंय का?" टेबलावर मूठ आपटली, बशी खाली पडली, फुटली. आजोबा खाली वाकले, त्यांना वाकता येत नाही तरी वाकले, आणि त्या तुकड्यांतून ते मांस उचललं, बाहीला पुसलं. आणि मला म्हणाले, अगदी हळू, "एफी, पोरं उपाशी आहेत का?"

मी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही.

आता बुधवार. म्हणजे परवाच. दुपारी मी लाकडं आणायला मागे गेले, पाऊस होता, दहा मिनिटं झाली असतील. परत आले तर पुढचं दार उघडं. आजोबांचे बूट जागेवर. काठी जागेवर. आजोबा नाहीत.

रस्त्याच्या एका बाजूला खाडी, भरती आलेली. दुसऱ्या बाजूला डोंगर. मी आधी खाडीकडे धावले, का ते विचारू नका. मग पुलाकडे. ओरडत होते, आणि पावसात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. चार वाजता अंधारायला लागतं आता, तुम्हाला माहीत आहे, साडेतीन होऊन गेले होते. आणि मग थोरल्या घराच्या फाटकापाशी मला चपलेचा एक पाय दिसला. त्यांची घरातली कापडी चप्पल. चिखलात.

ते थोरल्या घराच्या मागच्या दारात उभे होते. बंद घर, हिवाळ्यात कोण असतं तिथे? खिडक्यांना फळ्या. कोट भिजून अंगाला चिकटलेला, एक पाय अनवाणी, आणि टोपी मात्र काढून काखेत धरलेली. दार वाजवत होते. हळूच. तीनदा वाजवायचे, थांबायचे, पुन्हा तीनदा.

"आजोबा!"

"कोणी उघडत नाही," म्हणाले. "आत दिवा नाही. आता चोर म्हणतील आपल्याला."

"काय झालं? कशाला आलात?"

त्यांनी कोटाचा खिसा उलटा केला. पेगी, खिशात रुमाल होते, तीन रुमाल, गाठ मारलेले. एकेक उघडला. शुक्रवारचा काप. रविवारचे तुकडे, सगळेच्या सगळे, जे त्यांनी खाल्ले असं मी समजले होते ते. मंगळवारची पट्टी, बशीचा एक कण अजून चिकटलेला. काहीच खाल्लं नव्हतं त्यांनी. सहा दिवस तोंडात घेऊन, माझी पाठ वळली की रुमालात. आणि ते सगळं मांस दोन्ही हातांत असं धरून मला दाखवत होते, जसं पोरगं चोरलेलं सफरचंद दाखवतं.

"रान मालकाची," म्हणाले. "पाठ मालकाची. पाहुण्यांच्या ताटात मोजून जातं. आपल्या घरात सापडलं तर घर जाईल, एफी. मागच्या वर्षी पुलापलीकडच्यांचं गेलं, आठवतं ना? एका पट्टीपायी. पोरांना घेऊन जाऊ कुठे?"

मी मटकन खाली बसले तिथे. पायरीवर, पाण्यात. आत्ता कळलं मला! अख्खा आठवडा मी काय करत होते? दर दिवशी आणखी चांगला तुकडा, आणखी चांगला तुकडा! जितका तुकडा चांगला, तितकी त्यांची चोरी मोठी. मी त्यांना प्रेमाने भरवत होते आणि त्यांना दिसत होतं की ही बाई आपल्याला बेघर करायला निघाली आहे.

आपलं घर पूर्वी मालकाचं होतं, पण आता आपलंच आहे, वीस वर्षं झाली, कागद कपाटात आहे. मी सांगितलं. शपथ घेतली. ते माझ्याकडे दयेने बघत होते, वेडं माणूस बोलतंय तसं. मग मी काय केलं, उठले, ते तिन्ही रुमाल घेतले, मागच्या दाराशी पूर्वी मांस ठेवायची दगडी फळी आहे ना, तिथे नीट मांडून ठेवले. म्हटलं, "मालक, तुमचं तुम्हाला परत." मोठ्याने. बंद दाराला.

आजोबांनी श्वास सोडला. खांदे खाली आले. टोपी डोक्यावर घातली. आणि काय म्हणावं त्यांनी?

"आता भूक लागली. आपला वाटा कुठे ठेवलास?"

"आपला वाटा?"

"नळ्या गं. मान. ते तर आपलं असतं."

बादली. बादली आठवली मला.

आलिककाकाची गाडी रस्त्यावरून चालली होती, मी अशी आडवी जाऊन उभी राहिले, ब्रेक लागले म्हणून वाचले. आजोबांना आत कोंबलं, हीटर लावला, आणि म्हटलं, काका, कुत्र्यांना ते सगळं घातलंस का?

"काय सगळं?"

"बादली! नळ्या, मान!"

"घातलं की. मानेवर तर टेस तीन दिवस जगली. का?"

"काही उरलं का? काहीतरी?"

"डब्यात असेल थोडं. अगं पण ते कुत्र्यांचं आहे."

"काका, गाडी वळव."

त्याने आजोबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, वळवली. त्याच्या शेडमध्ये तो मोठा फ्रीजर आहे ना, अर्ध्यात मासळी, अर्ध्यात कुत्र्यांचं. मी आत कमरेपर्यंत वाकले. फुप्फुसं, सोललेले कान, काय काय! आणि तळाशी, बर्फात, दोन मागच्या नळ्या आणि मानेचा एक मुठीएवढा तुकडा. मी तो छातीशी धरला. टेस दारात बसून माझ्याकडे बघत होती. काका म्हणाला, "आता हिला तू समजाव. मी नाही समजावणार." मग गाडीकडे बघितलं, आजोबा काचेला नाक लावून बसलेले, आणि त्याचा चेहरा बदलला. "माझा बापही नळीच खायचा," म्हणाला. "मी विसरलोच होतो बघ. आता आपल्याला हवा तो तुकडा मिळतो ना. विसरायला होतं."

करवत त्यानेच आणली. गोठलेल्या नळ्यांची दोन बोटं जाड अशी चाकं कापली, मध्ये मगज दिसेल अशी. घरी येईपर्यंत पाच वाजले. आजोबांना कोरडं केलं, दोन सदरे घातले, चुलीपाशी बसवलं. पिठात घोळवून चाकं चरबीत लाल केली, घाई केली नाही, शपथ. कांदा, सलगम, गाजर, मूठभर जव, पाणी, मीठ. आणि झाकण. आणि मग चार तास शेजारी बस, म्हटलं होतं ना काकाने. मी बसले. पण चार तास कुठून आणू? आजोबा झोपून गेले तर? मी दर पाच मिनिटांनी सुरी खुपसून बघायची, दगड. दगड. दगड. एकदा तर झाकण उघडं ठेवून मी पातेल्यालाच म्हटलं, शीज ना गं बाई, काय हवंय तुला?

तास झाला, दीड झाला. आणि मग वास बदलला. तुम्हाला माहीत आहे तो वास? आधी रक्ताचा असतो, लोखंडासारखा. मग एकदम मागे हटतो आणि गोड काहीतरी येतं, चिकट, ओठाला लागेल असं. आजोबांनी डोळे उघडले. उठले, स्वतः उठले, खुर्ची ओढून टेबलाशी आले, आणि खिशातून आपला चाकू काढला. तो चाकू मी सहा महिन्यांत बघितला नव्हता!

मी वाढलं. अजून थोडं कडक होतं, खरं सांगते, आणखी तासभर हवा होता. त्यांनी आधी एक चाक समोरच्या रिकाम्या जागेवर काढून ठेवलं. मग चाकूने मगज सैल केला, हाड तोंडाला लावलं आणि असा आवाज केला, सुर्र, की मी हसले आणि रडले आणि नाक गळायला लागलं सगळं एकदम. वाटीभर खाल्लं. मग दुसरी वाटी. मग समोरचं चाक माझ्याकडे सरकवून म्हणाले, "खा पोरी, एफी येणार नाही." हे कसं काय, मला विचारू नका. एका मिनिटात सगळं कळतं त्यांना आणि पुढच्या मिनिटाला नाही.

पण पातेलं रिकामं झालं होतं. आणि सकाळी गुरुवार.

आता पुढचं ऐकून मला शिव्या घालाल. घाला. सकाळी मी बाथरूमच्या काट्यावर बघितलं, मंगळवारपेक्षा जरा वर, पण बावन्न कुठे? एका जेवणाने कुठे बावन्न होतं? जेसी-अ‍ॅनची गाडी वळणावर दिसली आणि मी शेडमध्ये धावले, बाबांच्या गळाची शिसं घेतली, ती मोठी, आणि आजोबांच्या स्वेटरच्या दोन्ही खिशांत भरली. म्हटलं, "आजोबा, हे राहू दे हं." ते म्हणाले, "बरं."

जेसी-अ‍ॅनने काटा मांडला. आजोबा चढले. "त्रेपन्न किलो शंभर," ती म्हणाली आणि तिचा चेहरा असा उजळला! ती वहीत लिहायला लागली आणि आजोबांनी खिशात हात घातला.

"आजोबा, नको," मी म्हटलं.

"हे आपलं नाही ना," ते म्हणाले. आणि एकेक शिसं काढून टेबलावर ओळीने ठेवलं. टक. टक. टक. सहा. काटा खाली येत गेला, तिघंही बघत होतो. एक्कावन्न सहाशे.

मी भिंतीला टेकले. माझ्या तोंडून एकदम सगळं सुटलं, रान, पट्टा, रुमाल, बंद दार, नळी, टेस, सगळं, उलटसुलट. म्हटलं, सिस्टर, मी खोटेपणा केला, मला काय करायचं ते करा, पण त्यांनी काल दोन वाट्या खाल्ल्या, देवाशप्पथ, ते भुकेने मरत नव्हते, ते आम्हाला वाचवत होते!

जेसी-अ‍ॅनने पेन खाली ठेवलं. तिने ते एक शिसं हातात घेऊन फिरवलं. "आमच्या घरी," म्हणाली, "बाबा मासे पकडायचे आणि आम्ही फक्त डोकी खायचो. माझ्या आईने मरेपर्यंत माशाचा मधला तुकडा तोंडात घातला नाही. आम्ही हॉटेलात नेलं तेव्हासुद्धा डोकं मागितलं." मग तिने मला दटावलं, बरं का, चांगलंच. "पुन्हा असलं केलंस ना दोलिना, तर मीच तुला बोटीत घालीन." आणि खरं तेच लिहिलं. एक्कावन्न सहाशे. त्याच्यापुढे लिहिलं, जेवतात. आणि आजोबांना विचारलं, "काल काय खाल्लंत?"

"नळी," आजोबा म्हणाले. "आणखी आहे का?"

"पुढच्या गुरुवारपर्यंत," ती मला म्हणाली. "बावन्न. एक ग्रॅम कमी चालणार नाही, आणि स्वेटर काढून उभे राहतील. त्यापुढे मी काही करू शकत नाही, बाळ, मग तू माझ्या पाया पड नाही तर शिसं गिळ."

तर असं आहे. सहा दिवस. आणि आलिककाकाच्या कोठारातल्या सगळ्या माद्या सोमवारी अख्ख्याच्या अख्ख्या खरेदीदाराच्या गाडीत जाणार, चिठ्ठ्या लागल्यात, वजनं झालीत, तो एक नळीही कापू शकत नाही. नवीन मारली तरी ती टांगून ठेवायला निदान तीन-चार दिवस हवेत. दुसरं काही चालत नाही, मी काल खांदा करून बघितला. चांगला चार तास. आजोबांनी काट्याने उचलला आणि विचारलं, "हा कोणाचा?" मी म्हटलं आपला. त्यांनी खाली ठेवला.

म्हणून विचारते. पेगी, तुझ्या आईच्या फ्रीजरमध्ये बघ, खाली, कोपऱ्यात, ज्या पिशव्यांवर काही लिहिलेलं नसतं त्यांत. मान असली तरी चालेल. छोटी असली तरी. मी उद्या गाडी घेऊन दारोदार फिरणार आहे, मला लाज उरलेली नाही. आणि रूरी, तू इकडे बघ. तुझ्या भावाने मागच्या आठवड्यात दोन माद्या आणल्या, मला माहीत आहे. तुमच्याकडे दोन कुत्रे आहेत. खरं सांग, शपथ आहे तुला, शनिवारी त्यांना काय घातलंस?